दुधराम काकाजींच्या लायनी

दुधराम काकाजींच्या शेजारचं जोडपं भांडायला लागलं, की काकाजी कुंपणापाशी जाऊन उभे राहतात. भांडण सोडवायला नव्हे. नवरा "तू... तू तं..." करत अडला, की काकाजी अलीकडून हळूच म्हणतात, "माह्या मायले काय म्हनलीस तू?" नवरा ते तसंच म्हणून टाकतो. मग बायको अडली, तर तिलाही पुरवतात, "अन तुह्या मायनं मले काय म्हनलं, ते?" त्यांचा पक्ष असा कोणताच नसतो, वाक्य अडलं की त्यांना राहवत नाही. एकदा दोघांनाही त्या वाक्यांचा इतका संताप आला, की दोघं मिळून काकाजींवर धावून गेले आणि भांडण जागच्या जागी मिटलं. काकाजींना मात्र हळहळ वाटली. मला म्हणाले, "तिसरा अंक बाकी होता ना, बाई!"

काकाजी आमच्या गावच्या नाट्य मंडळाचे प्रॉम्प्टर आहेत. गाव नवेगाव बांधजवळचं, धानाचं. नाटक वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला. प्रॉम्प्टिंग मात्र बारा महिने चालू. ग्रामसभेत सरपंच "या योजनेअंतर्गत... अंतर्गत..." करत थांबले, तर मागून "गोरगरीब जनतेला" असा आवाज आला. सरपंचांनी "गोरगरीब जनतेला" म्हटलं आणि आता त्या जनतेला घेऊन कुठं जायचं हे न कळून ते खाली बसले. माझ्या भावाच्या लग्नात वहिनी उखाणा घेताना लाजून गप्प झाली. काकाजींनी मांडवाच्या खांबाआडून तिला अख्खा उखाणा दिला, तिनं तो एका दमात म्हटला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की त्यातलं नाव मागच्या वर्षीच्या नाटकातल्या नायकाचं होतं. भाऊ अजूनही रागावला की तो विषय काढतो.

उंच, किडकिडीत अंग, पायजमा, खांद्यावर दुपट्टा आणि मान कायम डावीकडे कललेली. आयुष्यभर विंगेत उभं राहून ती तशीच राहिली आहे. मोठ्यानं बोलायची सवय तर पार गेली. काकाजी जे काही बोलतात ते तोंडाशी हात आडवा धरून, कुजबुजत. "आज भाजी कायची केली?" हे वाक्यसुद्धा ते असं विचारतात, की माझी आई आधी दार लावून घेते आणि मग सांगते, वांग्याची.

नाटकाच्या बाबतीत आमच्या झाडीपट्टीची रीत बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल. आमचे नट पाठांतर करत नाहीत. धानाची कापणी चाललेली असते, पाठांतराला वेळ कोणाकडे असतो? शिवाय प्रॉम्प्टर असताना पाठ करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य देतो, नट ते उचलतो आणि हातवारे करून लोकांपर्यंत पोचवतो. नटानं स्वतःचं डोकं मध्ये घालायचं नाही, हा काकाजींचा दंडक. "डोकं घरी ठेवून येजा. कान घेऊन येजा," असं ते तालमीच्या पहिल्या दिवशी सांगतात, आणि बहुतेक नटांना ते जड जात नाही.

या धंद्यातून काकाजींचं एक तत्त्वज्ञान तयार झालेलं आहे. ते म्हणजे लाईन. माणूस एका दमात जेवढं बोलतो तेवढी एक लाईन. दम संपला की लाईन संपली, पुढचं खाली. नाटकाची प्रत ते स्वतः उतरवून काढतात आणि तीत पात्राचं नाव एका लायनीवर, हातवारे दुसऱ्या लायनीवर, बोलणं दमाप्रमाणे तोडून त्याखाली. कंस, स्वल्पविराम वगैरे ते वापरत नाहीत. त्यांच्या मते कंस हे गणितातलं काम आहे आणि स्वल्पविराम भित्र्या माणसांचं.

गावाच्या मोबाईल ग्रुपवरसुद्धा काकाजी असेच लिहितात:

उद्या
नळ येनार नाही.
भरून
ठेवा.

हे वाचताना मला कोणाचा तरी शेवटचा निरोप वाचल्यासारखं होतं. पण कोणी तोच मजकूर पुढं पाठवताना लायनी एकत्र केल्या, तर काकाजी त्याच्या घरी जातात. फोन करत नाहीत, जातात. "लाईन काऊन तोडली?" असं कुजबुजत विचारतात. खरं तर त्यानं लाईन जोडलेली असते, पण त्यांच्या लेखी जोडणं हेच तोडणं.

आता काकाजींना शुगर आहे आणि शुगर डोळ्यांत उतरली आहे. मागच्या मंडईला त्यांच्या हातून प्रतीची दोन पानं एकदम उलटली आणि सुनेचं बाळंतपण तिच्या लग्नाआधी झालं. पब्लिकला ते फार आवडलं. मंडळाचे अध्यक्ष रमेशभाऊ, ज्यांचं खताचं दुकान आहे आणि जे दरवर्षी नायक होतात, त्यांना आवडलं नाही, कारण लग्नाआधी बाप होण्याची वेळ त्यांच्यावरच आली होती. यंदा तालमी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी जाहीर करून टाकलं, की काकाजींनी आता खुर्चीवर बसून नाटक पाहावं, मान घ्यावा. प्रॉम्प्टिंगला त्यांचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, येईल. साळा गोंदियाला कोचिंग क्लास चालवतो आणि फटाफट बोलतो.

त्याच संध्याकाळी काकाजी आमच्या दारापुढच्या छपरीत आले. मी नागपूरच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. मोबाईलची अ‍ॅप बनवणं हे माझं काम, म्हणून गावात माझं नाव 'मोबाईलवाली'. बिघडलेले चार्जरसुद्धा लोक माझ्याकडे आणतात.

"बाई," काकाजी म्हणाले, "मोबाईलात अक्षर केवढं मोठं होते?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

"वांग्याएवढं?"

"होईल की."

"मंग मले नाटक मोबाईलात टाकून दे. मी खुर्चीवर बसनार नाही. विंगेत मीच उभा राहीन." हे बोलताना त्यांचा हात तोंडाशी गेला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट आहे. मान जातोय, जागा जातेय, माणूस चिडणारच. पण माझ्या शेजारचा माणूस चिडलाय म्हटल्यावर मीही चिडले आणि एक छोटंसं अ‍ॅप बनवायला घेतलं. त्यात एक पान लिहायचं आणि एक पान वाचायचं, बस. बोट वर सरकवलं की पुढचं दिसतं. रमेशभाऊंनाही मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे ना. परवा तालमीत देखते. जमलं तो काकाजी, नहीं तो साळा."

दोन दिवस काकाजींनी छपरीत बसून मला अख्खं नाटक सांगितलं. नाटकाचं नाव 'सासरचा सातबारा'. काकाजी प्रत डोळ्यांशी धरत, एक दम बोलत आणि म्हणत, "खाली." मी कळ दाबून खालच्या लायनीवर यायचे. मग पुढचा दम. "खाली." नाटकात दोन मरणं, एक लग्न, एक बाळंतपण आणि एक जप्ती आहे. ती सगळी काकाजींनी कुजबुजत केली. आईनं तीनदा चहा केला आणि जप्तीच्या वेळी डोळ्याला पदर लावला. शेवटी मी लिहायचं पान त्यांच्यापुढं धरलं. एकेका लायनीवर बोट ठेवत त्यांनी सगळं तपासलं. प्रत्येक लाईन जागेवर होती. "टॉप," ते म्हणाले.

वाचायचं पान उघडून बघावं हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

तालीम समाजमंदिरात होती. बघायला निम्मं गाव जमलेलं, कारण तालीम पाहायला तिकीट नसतं. तसं आमच्या नाटकालाही नसतं. मंडईच्या रात्री वडशाकडची मोठी नाटक कंपनी येते, म्हणून गावचं नाटक दुपारी उरकतात. स्त्रियांची कामं करणाऱ्या नट्या थेट मंडईच्या दिवशी येतात. तोवर त्यांची वाक्यं पेटीवाले शिवाभाऊ मिशा सावरत म्हणतात.

पहिलाच प्रवेश जमीनदाराचा. जमीनदाराचं काम दरवर्षी केवळराम काकाजी करतात. यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. केवळराम काकाजींचा आवाज असा, की ते वावरातून बैलाला हाक मारतात तेव्हा तिसऱ्या वावरातले बैलही थांबतात. ते आणि दुधराम काकाजी लहानपणचे मित्र. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, एकमेकींना लागून. कधीकाळी रोवणीच्या दिवसांत मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, रातोरात फुटला आणि एकाच्या बांधीतलं पाणी दुसऱ्याच्या बांधीत गेलं. कोणी फोडला, कोणाचं पाणी कोणाकडं गेलं, हे आता दोघांनाही नक्की सांगता येत नाही, पण तेव्हापासून बोलणं बंद आहे. एकमेकांच्या घरच्या लग्नांना दोघंही जातात, पंगतीत पाठीला पाठ लावून बसतात. वर्षातून एकदा मात्र दुधराम काकाजी विंगेत उभे राहून केवळराम काकाजींना तीन तास वाक्यं पुरवतात आणि केवळराम काकाजी ती मुकाट्यानं घेतात.

तर तालीम सुरू झाली. दुधराम काकाजींनी मोबाईल नाकाशी धरला, अक्षर वांग्याएवढं केलं आणि वाचायचं पान उघडलं. त्या पानानं सगळ्या लायनी एकमेकींना चिकटवून एक लांबच लांब रिबीन केली होती. नाव, हातवारे, बोलणं, सगळं एका रांगेत, आणि इतक्या मोठ्या अक्षरात एका वेळी जेमतेम चार शब्द डोळ्यांपुढं. दुसरा कोणी थांबला असता. काकाजी थांबणारे नव्हेत. रमेशभाऊंचा साळा हाताची घडी घालून समोरच उभा होता. त्यांनी दिसेल ते द्यायला सुरुवात केली.

केवळराम काकाजी गरजले, "रागाने हात वर करून निघून जा माझ्या घरातून!"

नायक रमेशभाऊंनी कान घेऊन आणि डोकं घरी ठेवून आल्याप्रमाणे हात वर केला आणि निघाले. विंगेतून पुढचं आलं. ते थांबून म्हणाले, "जातो मालक पण लक्षात ठेवा थांबून मागे वळून ही जमीन डोळे पुसत तुम्हाला पचणार नाही सुनंदा!"

"सुनंदा हुंदका देत बाबा," शिवाभाऊंनी पेटी सोडून तळमळीनं साद घातली.

"जमीनदार विकट हास्य," केवळराम काकाजींनी आपल्या सगळ्या ताकदीनिशी सांगितलं, आणि पुढं काहीच आलं नाही म्हणून हसले मात्र नाहीत.

समाजमंदिरात लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. माझी आईसुद्धा. मलाही हसू आवरत नव्हतं, तेवढ्यात माझी नजर विंगेकडं गेली. काकाजींनी मोबाईल खाली केला होता आणि दुपट्ट्यानं त्याची काच पुसत होते. त्यांना वाटत होतं, आपल्याच डोळ्यांची चूक आहे.

रमेशभाऊ म्हणाले, "काकाजी, अब बस हो गया." साळ्यानं घसा साफ केला.

मी मध्ये घुसले. चूक डोळ्यांची नाही, मोबाईलची आहे, मला मंडईपर्यंत वेळ द्या, असं म्हणाले. रमेशभाऊंनी हो-ना करत मान्य केलं, पण एका अटीवर. मंडईच्या दिवशी साळा छापील प्रत घेऊन विंगेत बाजूलाच उभा राहील आणि काकाजी अडले, की तो सुरू करेल.

घरी आल्यावर मी काकाजींना समजावून सांगितलं. आपण जिथं लिहितो तिथं खाली यायची खूण जपली जाते. पण दाखवायचं पान त्या खुणेला साधी मोकळी जागा समजतं आणि सगळं एकापुढं एक लावून टाकतं. खूण आत असतेच, फक्त पाळली जात नाही.

"म्हनजे त्याले दिसते, पन तो मानत नाही?"

"हो."

"मंग रमेशसारखाच आहे," काकाजी म्हणाले आणि जरा हसले.

दुरुस्ती खरं तर एका शब्दाची होती. दाखवायच्या पानाला सांगायचं, की जशा आल्या तशा लायनी ठेव. मी ते केलं आणि काकाजींपुढं धरलं. लायनी एकाखाली एक उभ्या राहिल्या. काकाजींनी त्या वाचल्या आणि तिसऱ्याच लायनीवर बोट आपटलं.

"हे कोनं तोडली?"

"ती मोबाईलनंच तोडली, काकाजी. काच अरुंद आहे, अक्षर मोठं आहे, मावत नाही."

"मावत नाही तं कोनाचाही दम तोडनार का तो?"

त्यावर मोबाईल आडवा धरायचा तोडगा निघाला. मग लायनी रुंदीत मावल्या. काकाजींनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, आता थोडं बदलायचं आहे. जमीनदाराचं बोलणं समोर काढ. मी काढलं. ते सांगू लागले, "इथं खाली. अजून एकदा खाली." म्हणजे दोन लायनींच्या मध्ये एक रिकामी लाईन. पुढं चार लायनींनंतर परत तसंच. शेवटच्या अंकातल्या लांब बोलण्यात तर जागोजागी.

मी दाखवायचं पान उघडलं, तर रिकाम्या लायनी गायब. ते माझंच काम होतं. लोक उगाच दोनदोनदा कळ दाबतात, म्हणून जास्तीच्या रिकाम्या जागा आपोआप काढून टाकायची सोय मी माझ्या सगळ्याच अ‍ॅपमध्ये करते. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

"हे लाईन कुठं गेली?" काकाजींनी विचारलं.

"तिथं काही नव्हतंच ना, काकाजी."

"काही नव्हतं म्हनूनच तं पाहिजे ते!"

इतके चिडलेले मी त्यांना तालमीतही पाहिलं नव्हतं. मी गुपचूप ती सोय काढली, रिकाम्या लायनी परत आल्या. पण मला प्रश्न पडलाच. रिकाम्या लायनी फक्त जमीनदाराच्या बोलण्यात होत्या. नायकाला नाही, सुनंदाला नाही, मरणाऱ्या बापालासुद्धा नाही.

"एवढं त्यालाच काऊन?" मी विचारलं.

काकाजींचा हात तोंडाशी गेला. "जमीनदार आहे ना. थांबत थांबत बोलला तरच डेंजर वाटते," ते कुजबुजले, आणि चहा न घेताच उठले. मला ते पटलं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचंही काम चांगलं व्हावं म्हणून झटणारा माणूस, असं मी आईला कौतुकानं सांगितलं. आई भाजी निवडत म्हणाली, "हं."

मंडईच्या दुपारी शाळेच्या पटांगणात मंडप भरला होता. बाहेर जिलेबीची दुकानं, पाळणा, फुग्यांवर नेम धरणारी पोरं. आम्ही तिघं विंगेत. पुढं आडवा मोबाईल धरलेले काकाजी, त्यांच्यामागं फोनचा जादा चार्जर घेऊन मी, आणि पलीकडं छापील प्रत घेतलेला साळा. तो मधूनमधून ओठ ओले करत होता.

पहिले दोन अंक झकास गेले. मी काकाजींना काम करताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते मोबाईलकडं बघत आणि नटाच्या पाठीकडं बघत. पाठ जराशी हलली, की वाक्य सोडत. रमेशभाऊंनी हातवारे बोलून न दाखवता केले. नवीन सुनंदेला काकाजींची सवय नव्हती, तरी दुसऱ्या प्रवेशापासून तीही त्यांच्या लयीत बोलू लागली. लग्न बाळंतपणाआधी झालं, याबद्दल पब्लिक थोडं नाराज दिसलं.

तिसऱ्या अंकात जमीनदाराचं ते लांब बोलणं आलं. सातबारा हातात घेऊन केवळराम काकाजी पुढं आले. "ही जमीन माझ्या बापानं घेतली..." आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला. दोन लायनी, तीन, चार. आणि ते थांबले.

पब्लिकला दिसत होता तो कपाळाला आठ्या घातलेला जमीनदार. विंगेतून आम्हाला बाजूनं दिसत होतं. खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. कोटाच्या आत बरगड्या भात्यासारख्या वर-खाली होत होत्या. तोंड उघडं होतं आणि हवा आत जात नव्हती. ते कितीतरी वर्षं राईस मिलमध्ये हमाल होते, भुशाच्या धुळीत. मागच्या उन्हाळ्यात त्यांना गोंदियाला दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला माहीत होतं, पण त्या दोन गोष्टी मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या.

रमेशभाऊ समोरच्या विंगेतून हातानं खुणा करत होते, द्या, द्या, वाक्य द्या, विसरले ते. साळ्यानं प्रतीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि "आणि आज—" इतकं बोलला. दुधराम काकाजींनी मोबाईलवरची नजर न हलवता आपला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

मोबाईलवर ती रिकामी लाईन होती.

काकाजी स्वतः श्वास घेत होते, हळूहळू, खोल, तोंड थोडं उघडून. स्टेजवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. आत, बाहेर. पुन्हा आत. काही क्षणांनी केवळराम काकाजींच्या बरगड्या त्याच लयीत चालू लागल्या. बोटं सैल झाली. तेव्हा कुठं विंगेतून पुढची लाईन गेली, "आणि आज तू मला कायदा शिकवतोस?" आणि केवळराम काकाजींनी ती अशी टाकली, की मंडपातून शिट्ट्या पडल्या. पुढची प्रत्येक रिकामी लाईन अशीच गेली. मी काकाजींच्या मागं उभी होते आणि मला रडू येत होतं, आणि हातात चार्जर असल्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते. या माणसाला विंग का सोडायची नव्हती, ते मला त्या दुपारी कळलं. साळा फटाफट बोलतो, हेच त्यांना नको होतं.

नाटक संपलं. जो तो फोटो काढायला स्टेजवर धावला. साळा स्वतःहून आपली प्रत गुंडाळून निघून गेला. केवळराम काकाजी मात्र मिशी काढून आमच्याकडंच विंगेत आले आणि कपड्यांच्या पेटीवर बसले. मी पाणी दिलं. ते प्याले. दुधराम काकाजी मोबाईल दुपट्ट्यात गुंडाळत होते, काढत होते, परत गुंडाळत होते.

केवळराम काकाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, याले सांग. पुढच्या साली मी नाही करत. मले आता दम पुरत नाही."

दुधराम काकाजींनीही माझ्याकडंच पाहिलं. हात तोंडाशी न नेता, सरळ, सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "त्याले सांग, मले मालूम आहे. एक लाईन पुरत नसन, तं दोन सोडीन. पन दुसऱ्या कोनाले जमीनदार नाही करत मी."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. केवळराम काकाजी पेटीवर जरा बाजूला सरकले आणि दुधराम काकाजी त्यांच्या शेजारी बसले.